बंद पडलेलं टोल्याचं घड्याळ घरच्या घरी चालू कसं करायचं

तुमच्याकडे जुनं चावीचं घड्याळ असेल, लंबकवालं, तासाला टोले देणारं, आणि ते बंद पडून नुसतं शोभेला लटकत असेल तर ते भंगारात देऊ नका, आणि कुणी कितीही सांगितलं तरी आतलं पितळी मशीन काढून त्याजागी सेलचं मशीन बसवून घेऊ नका. "मशीन गेलं" असं जे सर्रास सांगतात ते बऱ्याच वेळा खरं नसतं. दिवाळीच्या रंगकामाला घड्याळ उतरवलेलं असतं, परत खिळ्याला अडकवलं, डोळ्याला सरळ दिसतंय म्हणून सोडून दिलं, आणि दहा मिनिटं चालून थांबलं, परत लंबक हलवला, परत थांबलं, मग घरातले सगळे म्हणाले संपलं आता हे. अशा घड्याळाची टिक आणि टक यांच्यातलं अंतर बिघडलेलं असतं, बाकी काहीच झालेलं नसतं. हे अंतर कानाने ओळखता आलं तर स्क्रू-ड्रायव्हर हातात न घेता घड्याळ चालू होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आपल्याकडे काय आहे ते बघा. डायलवर दोन भोकं असतील तर समोरून बघताना उजवीकडचं बहुतेक वेळा चालायच्या स्प्रिंगचं आणि डावीकडचं टोल्यांच्या स्प्रिंगचं. एकच भोक असेल तर टोले नाहीत, तीन असतील तर पाव तासाला सूर वाजवणारं आहे, त्याची भानगड मोठी आहे, त्याच्यावर इथे लिहीत नाही. आपल्याकडे सोलापुरात पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, सराफाच्या दुकानांत, आजोबांनी घेतलेली म्हणून जी घड्याळं दिसतात ती जर्मनीची युंगहान्स, अमेरिकेची अ‍ॅन्सोनिया किंवा सेथ थॉमस, जपानची सेइकोशा अशी असतात. युंगहान्सची खूण म्हणजे आठ टोकांचा तारा आणि आत जे अक्षर, डायलवर किंवा मशीनच्या मागच्या पत्र्यावर सापडते. अ‍ॅन्सोनिया कंपनी १९२९ मध्ये बंद झाली, म्हणजे तुमच्याकडचं अ‍ॅन्सोनिया कमीत कमी तेवढं तरी जुनं आहे. बहुतेक मशीन आठ दिवसांची असतात. डायलवर ३१ डे लिहिलेलं असेल तर ते महिनाभर चालणारं, त्याची स्प्रिंग फार ताकदीची असते, त्याला चावी देताना जास्त जपून.

घड्याळ भिंतीवरून काढायच्या आधी लंबक काढून घ्या. हे लोक हमखास विसरतात. लंबक वर एका अगदी पातळ पोलादी पट्टीला लटकलेला असतो, जाडीला साधारण कागदाएवढी, लंबक आत ठेवून घड्याळ आडवं केलं की ती पट्टी पिळते किंवा तुटते. लंबक थोडा वर उचलून पुढे घेतला की आकड्यातून सुटतो, ओढायचा नाही. ती पट्टी नंतर उजेडात धरून बघा, सरळ असली पाहिजे, जराशी जरी मुरगळलेली असेल तर लंबक सरळ रेषेत न झुलता गोल गोल घुमत झुलतो आणि मग तुम्ही काहीही करा घड्याळ टिकत नाही. पट्टी बदलणं हे स्वस्तातलं काम आहे, घड्याळजीकडे मिळते, जुनी पट्टी नमुन्याला घेऊन जा, कारण लांबी आणि जाडी दोन्ही जुळावी लागते.

आता जागा. पक्की दगडाची किंवा विटेची भिंत बघा, प्लायवूडचं पार्टिशन नको. पश्चिमेच्या उन्हात तापणारी भिंत नको, आपल्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस होतं तेव्हा ती भिंत रात्री दहापर्यंत हाताला गरम लागते. कुलरच्या समोर तर अजिबात नको, कुलरची हवा थंड असते पण ओली असते, दोन उन्हाळे ती हवा खाल्ली की आतल्या पोलादी भागांवर गंजाचे तांबडे ठिपके येतात आणि लाकडी पेटीचे सांधे सुटायला लागतात. शहराच्या पूर्व भागात ज्यांच्या घराला लागूनच यंत्रमाग आहेत त्यांनी मागाच्या खोलीची सामाईक भिंत टाळावी, कारण मागाचा धक्का दिवसभर भिंतीतून येतो आणि लंबकाचा झोका मोडतो, शिवाय चादर-टॉवेलच्या सुताची बारीक लव हवेत असतेच, ती मागच्या फटीतून आत जाऊन तेलाला चिकटते. अशा घरी पेटीच्या मागच्या फटींवर आतून कागदाची पट्टी चिकटवली तर खूप फरक पडतो.

खिळा दणकट पाहिजे आणि घड्याळ लावल्यावर पेटी हलता कामा नये. लंबक झुलताना पेटीच्या खालच्या कोपऱ्याला बोट लावून बघा, पेटीही बारीक झुलत असेल तर लंबकाची ताकद पेटी हलवण्यात चालली आहे. खालच्या दोन्ही कोपऱ्यांमागे रबराचे किंवा फेल्टचे तुकडे लावा म्हणजे पेटी भिंतीला टेकून बसेल. बऱ्याच जुन्या पेट्यांना खाली दोन बाजूंना छोटे स्क्रू असतात, टोक भिंतीत रुतणारे, ते यासाठीच असतात, पण ते लगेच घट्ट करू नका, पेटी अजून हलवायची आहे.

आता टिक आणि टक यांच्यातलं ते अंतर. ते सारखं असणं याला घड्याळजी लोक बीट म्हणतात, घड्याळ बीटमध्ये आहे की नाही. आत एक दातेरी चाक असतं आणि त्याच्यावर दोन टोकांचा एक आकडा बसलेला असतो, लंबक डावीकडे गेला की एका टोकावरून दात सुटतो, टिक, उजवीकडे गेला की दुसऱ्या टोकावरून, टक. प्रत्येक सुटकेला चाक लंबकाला किंचित ढकलतं आणि त्या ढकलण्यावरच तो झुलत राहतो. या दोन सुटका लंबकाच्या मधल्या जागेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर व्हायला पाहिजेत. पेटी जरा तिरकी लागली की एका बाजूची सुटका लवकर होते, दुसऱ्या बाजूला लंबकाला जास्त लांब जावं लागतं, सुरुवातीला तुम्ही हाताने मोठा झोका दिलेला असतो म्हणून तो तिथपर्यंत पोचतो, पण झोका नेहमीच्या मापावर आला की त्या बाजूचा दात सुटतच नाही, आणि घड्याळ थांबतं. म्हणूनच ते दहा-पंधरा मिनिटं चालून थांबतं, लगेच नाही.

ऐकायचं असं. पंखा बंद करा, टीव्ही बंद, दुपारी गल्ली शांत असते तेव्हा किंवा रात्री बसा. चालायच्या बाजूची चावी थोडी द्या, लंबक अडकवा, एका बाजूला हलकेच नेऊन सोडा. डोळे मिटून नुसतं ऐका. बरोबर असेल तर टिक, टक, टिक, टक सगळ्यांच्या मधे सारखी जागा येते. चुकलं असेल तर टिकटक... टिकटक... असं येतं, लंगडत चालणाऱ्या माणसाच्या पावलांसारखं, एक पाऊल लांब आणि एक आखूड. कान तयार व्हायला थोडा वेळ लागतो पण एकदा कळलं की दुसऱ्याच्या घरी गेल्यावरसुद्धा दारातून कळतं.

मग पेटीचा खालचा भाग डावीकडे किंवा उजवीकडे अगदी थोडा सरकवा, वरचा खिळा तसाच ठेवून. करंगळीच्या नखाएवढं सरकवलं तरी आवाज बदलतो. लंगडणं वाढलं तर उलट्या बाजूला. सारखं ऐकू येईपर्यंत करत राहा, घाई नको, प्रत्येक वेळी सरकवून चार-पाच टिकटिक होऊ द्या. माझ्या मामांच्या घरचं सेइकोशा रंगकामानंतर असंच बंद होतं, मामा म्हणत होते याची स्प्रिंग बसली आता, राहू दे. मी खालून बोटभर उजवीकडे सरकवलं, चार झोक्यांत आवाज सरळ झाला, मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, लागलं की ओ हे. पेटी बघायला जरा तिरकी दिसत होती म्हणून मामा कुरकुरले, पण घड्याळ चाललं.

ज्यांचा कानावर विश्वास बसत नाही त्यांनी डोळ्याने करावं. लंबकाच्या मागे पेटीला कागदाची पट्टी चिकटवा, लंबक शांत लटकलेला असताना टोक जिथे आहे तिथे पेन्सिलची रेघ मारा. आता लंबक बोटाने अगदी हळू डावीकडे न्या, टिक झाली की थांबा, तिथे रेघ. मग उजवीकडे, टक झाली की रेघ. मधल्या रेघेपासून दोन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून त्याच्या लाटा स्क्रीनवर बघितल्या तरी चालतं, उंच रेघा एकसारख्या अंतरावर दिसल्या की झालं.

बीट मिळाली की पेटीच्या खालच्या कोपऱ्याशी भिंतीवर पेन्सिलने बारीक खूण करा आणि मग ते बाजूचे स्क्रू घट्ट करा. पुसताना कुणी घड्याळ हलवलं तर खुणेवर परत आणता येतं.

पेटी तिरकी दिसते आणि घरात कुणालाच ते बघवत नाही, तर आतली तार वाकवायची. मशीनच्या मागून किंवा पुढून एक तार खाली येते आणि तिच्या टोकाच्या फटीत किंवा कड्यात लंबकाची दांडी अडकलेली असते, तीच लंबकाला ढकलते. नियम सोपा आहे, पेटीचा तळ ज्या बाजूला सरकवल्यावर बीट मिळाली, त्याच बाजूला तार वाकवायची, आणि मग पेटी सरळ करायची. तळ डावीकडे सरकवला होता तर तार डावीकडे. वाकवताना लंबक काढून ठेवा, तार वरच्या बाजूला एका हाताच्या चिमटीत पक्की धरा आणि खालचा भाग दुसऱ्या हाताने किंचित वाकवा, म्हणजे ताण वर दातेरी चाकावरच्या त्या दोन टोकांच्या आकड्यावर जात नाही. तो आकडा आणि त्याचा आस नाजूक असतो, तिथे जोर लावायचा नाही. काही मशीनमध्ये ही तार घर्षणावर बसवलेली असते, तिला वाकवायला लागत नाही, ढकललं की सरकते, म्हणून आधी हलक्या हाताने बघा.

आता चावी. चावी चौकोनी टोकावर नीट बसली पाहिजे, ढिली चावी टोक गोल करून टाकते आणि मग कुठलीच चावी धरत नाही. चावी फिरवताना प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला आतल्या खटक्याचा कट्कट आवाज येतो, खटका बसलाय याची खात्री झाल्याशिवाय हात सोडायचा नाही. खटका झिजलेला असेल आणि निसटला तर भरलेली स्प्रिंग चावी उलटी इतक्या जोरात फिरवते की बोट मोडेल, हे मी घाबरवायला सांगत नाहीये, खरंच होतं. चावी पूर्ण द्या, आरामात, जिथे ती स्वतःहून थांबेल तिथे थांबा. "जास्त चावी दिली म्हणून बंद पडलं" हा एक मोठा गैरसमज आहे, स्प्रिंग पूर्ण भरली म्हणून घड्याळ बंद पडत नाही, भरूनही चालत नसेल तर आतलं तेल सुकलंय किंवा बीट चुकलीय. आठ दिवसांच्या घड्याळाला आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी चावी द्यायची, आमच्याकडे रविवारी सकाळी. पूर्ण संपेपर्यंत थांबू नये कारण शेवटच्या दोन दिवसांत स्प्रिंगचा जोर कमी होतो आणि वेळ बदलायला लागते. टोल्याच्या बाजूची पण त्याच वेळी द्या, आवाज नको म्हणून ती बाजू तशीच सोडली तर काही मशीनमध्ये टोल्याचा खटका अर्धवट उचलून राहतो आणि चालायची बाजूही अडकते.

वेळ लावताना मिनिटकाटा पुढे फिरवायचा, मागे नाही, आणि प्रत्येक अर्ध्या तासाला, तासाला थांबून टोले पूर्ण वाजू द्यायचे. घाईघाईत फिरवलं की टोले आणि काटे यांची फारकत होते, तीन वाजता सात टोले पडतात. असं झालं तर घाबरायचं कारण नाही. बऱ्याच जुन्या घड्याळांमध्ये टोल्यांचं एक खाचा असलेलं चाक असतं, खाचांमधलं अंतर वाढत जातं, ते फक्त आपला पुढचा आकडा वाजवत जातं, काटे कुठे आहेत हे त्याला माहीत नसतं. म्हणून काट्यांनाच टोल्यांशी जुळवून घ्यायचं. मिनिटकाटा बारावर नेऊन टोले मोजा, समजा सात पडले, तर फक्त तासकाटा बोटाने हलकेच सातवर आणा, तो घर्षणावर बसलेला असतो, फिरतो. मग मिनिटकाट्याने पुढे पुढे येत, प्रत्येक टोले ऐकत, खऱ्या वेळेला या. बारा तासांत फक्त तासाचे टोले ७८ होतात, अर्ध्याचे धरून ९०, तेव्हा संध्याकाळी निवांत बसून करायचं काम आहे. तासकाटा फिरवल्यावर तो डायलला किंवा मिनिटकाट्याला घासत नाही ना ते बाजूने बघून घ्या, घासणारे काटे हे घड्याळ बंद पडण्याचं दुसरं मोठं कारण आहे.

चालू झालं की ते पुढे पळतं की मागे पडतं ते बघायचं. यात सगळ्यात जास्त संयम लागतो. मोबाईलवर नेटवर्कची वेळ ऑन ठेवा, आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते आणि फोनची वेळ तिच्या जवळपास असते, आपल्या कामाला पुरते. आकाशवाणीचे पिप अजून ऐकत असाल तर तेही चालेल. पूर्वी गिरणगावात लोक मिलच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे, एकाच आवाजावर शेकडो घरांची वेळ जुळायची.

लंबकाच्या चकतीखाली एक छोटं नट असतं. ते वर चढवलं की चकती वर जाते, लंबक आखूड होतो, घड्याळ पळतं. खाली उतरवलं की मागे पडतं. आता किती फिरवायचं याचा हिशोब सांगतो म्हणजे अंदाजाने फिरवत बसायला नको. लंबकाचा झोका त्याच्या लांबीच्या वर्गमुळावर ठरतो. पट्टीच्या वाकायच्या जागेपासून चकतीच्या मध्यापर्यंत साधारण २५ सेंटिमीटर लांबी असेल तर मिनिटाला जवळजवळ १२० टिकटिक (टिक एक, टक एक असं मोजून) होतात, आणि अशा लंबकात एक मिलिमीटरचा फरक म्हणजे दिवसाला जवळजवळ तीन मिनिटं. नटाचा आटा साधारण अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर एक पूर्ण फेरा म्हणजे दिवसाला दीड मिनिट. समजा घड्याळ चोवीस तासांत ४५ सेकंद मागे पडलं तर नट अर्धा फेरा वर. मीटरभर लांब लंबक असेल तर तोच एक मिलिमीटर फक्त ४३ सेकंदांचा फरक करतो. नट फिरवताना चकती दुसऱ्या हाताने धरा नाहीतर वरची पट्टी पिळते. एकदा फिरवलं की पूर्ण चोवीस तास हात लावायचा नाही, दर तासाला बघून थोडं थोडं फिरवणाऱ्यांचं घड्याळ कधीच जुळत नाही. दिवसाचा हिशोब जमला की आठवड्याचा बघा.

बऱ्याच जर्मन मशीनच्या मागच्या पत्र्यावर एक आकडा ठोकलेला असतो, ११६ वगैरे, ते मिनिटाचे झोके असतात. तुमचा लंबक कुठल्या भलत्याच घड्याळाचा आहे अशी शंका असेल तर मिनिटभर टिकटिक मोजा आणि त्या आकड्याशी ताडून बघा. नट पार वर नेलं तरी मागेच पडतंय किंवा पार खाली आणलं तरी पळतंय, तर हे तपासायलाच पाहिजे, जुन्या बाजारात लंबक फार बदललेले असतात.

इथे एक गोष्ट सांगायला मला फार आवडते. १६७२ मध्ये झाँ रिशे नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेन बेटावर गेला आणि तिथे त्याला दिसलं की पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ इथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडतंय, त्याला लंबक पावणेतीन मिलिमीटर आखूड करावा लागला. कारण विषुववृत्ताकडे जाताना गुरुत्वाकर्षण किंचित कमी होतं, पृथ्वी मधे फुगीर आहे याचा तो एक पहिला पुरावा ठरला. हेच तुमच्या भिंतीवर चालू असतं. युंगहान्सची फॅक्टरी जर्मनीत श्रामबर्गला, सोलापूर त्यापेक्षा विषुववृत्ताच्या बरंच जवळ, मी हिशोब केला तर तिथे सेकंदावर जुळवलेलं घड्याळ सोलापुरात तसंच लटकवलं तर दिवसाला पावणेदोन मिनिटं मागे पडेल. नटाचा एक-सव्वा फेरा वर, बस. एवढ्याशा नटातून पृथ्वीचा आकार जाणवतो याचं मला अजून अप्रूप वाटतं.

उन्हाळ्यात घड्याळ मागे पडतं आणि डिसेंबरात पुढे, त्याचं कारण दांडी तापून लांबते. घरातल्या हवेत हिवाळा-उन्हाळा बारा अंशांचा फरक धरला तर पोलादी दांडीचं घड्याळ दिवसाला सहा सेकंद मागे जातं, पितळी दांडीचं दहा, म्हणजे आठवड्याला पाऊण ते सव्वा मिनिट. लाकडी दांडी तापण्याने फार कमी लांबते, म्हणून जुन्या चांगल्या घड्याळांत दांडी लाकडाची असते, तिला पॉलिश नीट ठेवा म्हणजे ओल शोषत नाही. मी मार्चअखेर नट अगदी किंचित वर करतो आणि दिवाळीनंतर परत खाली.

आणि सूर्यावर घड्याळ लावायला जाऊ नका. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची, आपण जवळपास ७५.९ वर, एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपण सूर्याच्या हिशोबाने २६ मिनिटं मागे आहोत. हा फरकही वर्षभर सारखा राहत नाही, म्हणून सोलापुरात सूर्य बरोबर माथ्याच्या रेषेवर येतो तो बारा वाजता कधीच नाही, नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा दहाच्या सुमारास आणि फेब्रुवारीच्या मध्याला बारा चाळीसच्या सुमारास येतो.

तेलाबद्दल कळकळीने सांगतो. खोबरेल तेल, गोडेतेल, शिलाई मशीनचं तेल, कुलुपावर मारायचा स्प्रे, यातलं काहीही घड्याळात घालू नका. खाद्यतेल काही महिन्यांत चिकट होऊन गोंद बनतं, शिलाई मशीनचं पातळ असल्याने पसरून निघून जातं, आणि स्प्रे तर सगळीकडे उडतो, आपल्याकडची धूळ त्यावर बसली की तिचा पॉलिशपेपर होतो आणि पितळ झिजतं. पेटीत रॉकेलचा बोळा ठेवायची जुनी पद्धत आहे, त्याच्या वाफेने सुकलेलं तेल तात्पुरतं सैल होतं आणि घड्याळ थोडे दिवस चालतं, पण घाण आत तशीच राहते, झीज चालूच. घड्याळाचं तेल वेगळं मिळतं, छोट्या बाटलीत. ते सुईच्या टोकावर घेऊन, पत्र्यात जिथे चाकांचे आस बाहेर दिसतात त्या बारीक खळग्यांमध्ये टोकाएवढा एकेक थेंब, आणि दातेरी चाकावरच्या त्या आकड्याच्या दोन टोकांना अगदी नावाला. चाकांच्या दातांना तेल लावायचं नाही, दातांना तेल लागत नाही, तिथे ते फक्त धूळ धरतं. मशीन घाण असेल तर वरून तेल घालण्यात अर्थ नाही, आधी साफ व्हायला पाहिजे.

ते साफ करणं हे घरी करायचं काम नाही. दोन पितळी पत्र्यांमधे भरलेल्या स्प्रिंगा असतात, त्या आधी उतरवल्याशिवाय पत्रे सैल केले तर आतलं सगळं उसळून बाहेर येतं, चाकांचे दात जातात आणि हातही कापतो. खळग्यांमध्ये काळं-हिरवं तेल दिसतंय, किंवा चाक बोटाने हलवल्यावर त्याचा आस भोकात इकडेतिकडे हलतोय आणि भोक लांबट झालंय, तर घड्याळजीकडे न्या. अशी कामं मनापासून करणारे जुने घड्याळजी कमी राहिलेत पण आहेत, नव्या पेठेत, टिळक चौकाच्या आसपास चार ठिकाणी चौकशी केली की माणूस सापडतो. त्यांना नीट सांगा, मशीन पूर्ण खोलून साफ करा, भोकं मोठी झाली असतील तिथे बुश, म्हणजे भोकात बसणारी छोटी पितळी नळी, बसवा, नुसतं पेट्रोलमध्ये बुडवून देऊ नका. काय काय बदललं ते लिहून घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. सेलचं मशीन बसवू का असं विचारलं तर नाही म्हणा. काम झाल्यावर दुकानातच अर्धा तास चालताना बघा, पण घरी आणून लावलं की बीट परत जुळवावी लागणारच, तुमची भिंत आणि त्यांची भिंत वेगळी.

घड्याळ रिक्षातून नेताना लंबक वेगळा काढून कपड्यात गुंडाळा, दाराच्या काचेला आतून पुठ्ठा लावा, टोल्याची हातोडी आणि ती जिच्यावर आपटते ती गोल तार यांच्यामधे कागदाची घडी घाला म्हणजे वाटेत खडखडून तार तुटत नाही. चावी पाकिटात घालून पेटीच्या आत टेपने चिकटवा.